भाजक्या मातीचा खडा

॥ श्री ॥

कल्याण, भाद्रपद वद्य ५, शके १८०८

चिरंजीव गंगाभागीरथी उत्तरा हीस द्वारकेचे अनेक आशीर्वाद. तीर्थरूप काकामामंजी व काकू यांस शिरसाष्टांग नमस्कार. मामंजींनी कृपा करून हे पत्र नेहमीप्रमाणे उत्तरेस वाचून दाखवावे.

इकडे सर्व कुशल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू काकांबरोबर ठाण्यास गेलीस त्याला दीड महिना होईल. परसातला भोपळ्याचा वेल तू गेल्यापासून चेकाळला आहे. तो कुंपण ओलांडून शेजारच्यांच्या कौलांवर चढून बसला आणि आता आपले भोपळे त्यांच्या घरी शिजतात. तुझ्या दादांची शाळा नीट चालली आहे. साहेब तपासणीला येऊन गेला, शेरा चांगला दिला म्हणतात.

गौरीगणपतीला तू नव्हतीस, त्यामुळे मोदक माझ्या एकटीच्या हातचे झाले. उकड पातळ झाली आणि निम्मे मोदक पातेल्यातच उघडे पडले. तुझे दादा म्हणाले, "ही लापशी बाप्पांनी वाटीने प्यायची का?" तू असतीस तर हसू आले असते. मी एकटीच होते, मला रडू आले.

सणात आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी दादा पूजेला बसले आणि पाहतात तर गणपतीपुढल्या उंदराचे शेपूट नाही. शाडूचा उंदीर, शेपूट बोटभर लांब होते, ते मुळापासून मोडलेले. मधूचीच करणी, तीन वर्षांचे पोर, दुसरे कोण करणार? दादांनी त्याला एक चापट दिली. तो "नाय, नाय" म्हणत रडत राहिला. गुरुजी म्हणाले, भंग उंदराचा आहे, देवाचा नाही, पूजा चालू द्या.

मधूची माती खाण्याची खोड अजून गेलेली नाही. तू इथून गेलीस म्हणजे सुटेल असे सर्वांना वाटले होते. सुटली नाही. चुलीची कड, ओटीवरचा पोपडा, तुळशीतले ढेकूळ, जे हाती लागेल ते तोंडात जाते. पोट मडक्यासारखे पुढे आले आहे आणि गाल पांढरेफटक पडले आहेत. यावरून काय समजायचे ते मामंजींनी समजावे. मी बाईमाणूस काय लिहू.

मोहन्याचा राघो डाग देतो, पुष्कळ मुलांना गुण आला म्हणतात, म्हणून परवा त्याला बोलावले. त्याने सळई तापवून मधूच्या पोटावर तीन डाग दिले. हात तुझ्या दादांनी धरले होते आणि पाय मी. तो मला हाक मारत नव्हता. "आत्ते, आत्ते" करून तुला हाका मारत होता.

मामंजींचे पत्र दादांस पोचले. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तुला नाशकास नेऊन तिकडच्या एका म्हाताऱ्या आप्त बाईंच्या सेवेला कायमचे ठेवावे, असा विचार असल्याचे कळले. तीर्थाचे ठिकाण आहे, रोज गंगेचे स्नान घडेल, तेव्हा चांगलेच आहे. तुझ्या मनात काही वेगळे असेल तर काकांना सांगावेस. त्यांनी लिहिले आहे की तू हो म्हणत नाहीस, नाही म्हणत नाहीस, काहीच बोलत नाहीस. तू का बोलत नाहीस हे... असो.

काकूंच्या आज्ञेत राहावे. प्रकृतीस जपावे. मधूने सांगितले आहे की आत्तेला गाडीत बसवून पाठवा.

तुझी वहिनी
द्वारका


कल्याण, आश्विन शुद्ध २, दोन प्रहर

उत्तरे,

आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते मुद्दामच. पुढे वाचशील तेव्हा का ते कळेल.

हे पत्र शेवंती कुंभारणीच्या हाती देते आहे. ती मडकी घेऊन बहिणीकडे कळव्यास चालली आहे, तिथून ठाण्याच्या बाजारात येईल. अक्षरे मोठी व सुटी काढली आहेत. मी तुला पाटीवर शिकवले, तुला वाचता येते, हे काकांकडे कोणाला ठाऊक नाही. तेव्हा परसात जाऊन वाच आणि वाचून झाले की चुलीत घाल.

आधी उंदराचे सांगते. शेपूट मधूने खाल्ले नाही. मी खाल्ले.

पहाटे देवापुढचे निर्माल्य काढायला गेले होते. रात्रभर समईच्या उबेने शाडू कोरडा होऊन त्याला वास सुटला होता. हात कसा गेला मला कळले नाही, असे मी म्हणणार होते, पण ते खोटे आहे. मला कळले होते. मागे वळून पाहिले, कोणी नाही अशी खात्री केली आणि मग मोडले. पुढे तासाभराने माझ्या डोळ्यांदेखत मधूला चापट बसली आणि मी मोदकांवर तूप वाढत होते. त्याचे "नाय, नाय" खरे होते, गं. मागल्या पत्रात मी काकांच्या तोंडून तुलासुद्धा तेच खोटे ऐकवले.

तुला नवल वाटणार नाही. सगळ्या घरात तुला एकटीलाच माझे ठाऊक आहे.

मधूच्या वेळी पाचवा महिना लागला तेव्हा शेवंतीने भाजकी माती आणून दिली होती. तळ्याकाठची चिकणमाती चाळून, वड्या थापून, मडक्यांबरोबर आव्यात भाजलेली. गावातल्या सगळ्या गरोदर बायका तिच्याकडून घेतात आणि बाळंत झाल्या की विसरतात. माझे डोहाळे काही फिटले नाहीत. मधू रांगायला लागला तरी मला सकाळी चूल सारवली की जीव थाऱ्यावर राहत नसे. पिठाच्या डब्यामागे भिंतीला पडलेले भोक घुशीने पाडले असे मी तुझ्या दादांना सांगितले आहे. बिचारे दोनदा पिंजरा लावून बसले.

तुला मी दर आठवड्याला कधी परळ, कधी झाकणी आणण्याचे निमित्त करून शेवंतीकडे पाठवत होते. तू आणून देत होतीस आणि रागवत होतीस. चैत्रात तू म्हणालीस, "वहिनी, तुमचे ओठ बघा कसे पांढरे झालेत. आणि आता हा पण भिंत चाटायला लागलाय. मी दादाला सांगणार." तेव्हा मी काय केले ते तुला आठवते. मधू झोपला होता. मी तुझा हात ओढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटले, "कोणापाशी एक अक्षर बोललीस तर तुला मधूची शपथ." तू हात काढून घ्यायला पाहत होतीस, मी दाबून धरला होता.

मग नागपंचमी. काका आणि काकू सणाला आले होते. मधूला उलटी झाली आणि तीत मातीच माती पडली. शेजारच्या बायका धावल्या. काका ओरडले, "पोराला हे देतं कोण?" आणि तू त्याच वेळी बाहेरून आलीस. आलवणाच्या पदराला गाठ होती. काकूंनी ती ओढून सोडली आणि भाजक्या मातीचा खडा सगळ्यांसमोर ओटीवर पडला. तो खडा माझा होता. माझ्यासाठी मीच आणायला पाठवला होता.

काकू जे बोलल्या ते मी लिहीत नाही. कूस, नजर, विधवा, भावाचे पोर, तू सगळे ऐकलेच आहेस. तुझ्या दादांनी माझ्याकडे वळून विचारले, "तुला यातलं काही ठाऊक होतं?" मी म्हटले, "मला काय ठाऊक? विचारा तिलाच."

एवढे पाच शब्द. तू माझ्याकडे पाहिलेस, मग मधूकडे पाहिलेस आणि खाली मान घालून उभी राहिलीस. त्या शपथेपायी तू उभी राहिलीस आणि त्या शपथेचाच मी आडोसा केला. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर आज मी थोडी तरी झोपले असते.

परवा वैद्यबुवा आले होते. राघोच्या डागांना पू झाला म्हणून बोलावले. त्यांनी राघोला लाखोली वाहिली आणि मधूला मंडूर भस्माच्या पुड्या दिल्या, ताकातून घ्यायच्या. माती खाऊन रक्ताचे पाणी होते म्हणाले, त्यात करणीबिरणी काही नाही. मधू माझ्या मांडीवर होता. बुवांची नजर मधूवरून माझ्या नखांवर गेली आणि तिथेच थांबली. मी हात पदराखाली घेतला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. तुझे दादा पाणी आणायला आत गेले तेवढ्यात बुवा हळूच म्हणाले, "बाई, पोराला एक पुडी. तुम्हांला दोन." आणि काठी घेऊन निघाले.

काल घट बसले. घटाखाली पेरायला माती चाळून ठेवली होती. तिच्यापाशी मी हाताला पदर गुंडाळून बसले होते, चोर बसवतात तशी.

हे सगळे तुला सांगितले म्हणजे माझे मन हलके होईल असे वाटले होते. तू माझ्यावर राग धर, पण मधूवर धरू नकोस. नाशकाचे टळेल असे मी काहीतरी करते. तुझ्या दादांच्या कानावर हळूहळू घालते. तोवर धीर धर आणि कोणापाशी बोलू नकोस. शपथेचे काय ते भेटीत बोलू.

तुझीच
द्वा.


॥ श्री ॥

कल्याण, आश्विन शुद्ध १२, शके १८०८

तीर्थरूप त्र्यंबकराव मामंजी यांचे चरणी सून द्वारका हिचा साष्टांग नमस्कार.

सुनेने सासऱ्यांना स्वतःच्या नावाने पत्र लिहावे अशी आपल्याकडे चाल नाही. माफी असावी. विनंती एवढीच की हे पत्र आधी मनात वाचून पाहू नये. काकूंना, मुलांना आणि शेजाऱ्यांना ओटीवर बोलवावे, उत्तरेला समोर बसवावे आणि मग मोठ्याने वाचावे. नागपंचमीला तिला बोल लावताना घर भरलेले होते. आज निम्म्या घरापुढे वाचून चालणार नाही.

उत्तरेने मधूला माती कधीही दिली नाही. तिच्या पदरात सापडलेला खडा माझा होता. माती मी खाते, मधू पोटात होता तेव्हापासून. तिला आणायला मी पाठवत होते. ती मला माती सोडा म्हणत होती.

मधूला पहिली माती दिली ती मीच. हे मी आजवर उत्तरेलासुद्धा सांगितलेले नाही. तो वर्षाचा होता, दात येत होते, काही केल्या राहत नव्हता. माझ्या तोंडात खडा होता तो काढून मी त्याच्या हिरड्यांना लावला. तो गप्प झाला आणि चोखू लागला. मला तेव्हा बरे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मग राघोने त्याला डागले तेव्हा पाय धरायला मीच होते.

हे मी आपण होऊन लिहिते आहे असे समजू नये, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही. मागच्या आठवड्यात मी उत्तरेला शेवंती कुंभारणीच्या हाती गुपचूप चिठ्ठी पाठवली होती. होय, तिला वाचता येते, मी शिकवले आहे. तो दोषही माझ्याकडे धरावा. शेवंती परत आली ती दारातूनच म्हणाली, "वैनी, तुमची चिठ्ठी ही घ्या माघारी. वाचली तिनी, विहिरीपाशी बसून. मंग मला म्हनली, वहिनीला सांग, मला वाचता येत न्हाई आसं हितं सगल्यांना ठावं हाय. तवा ही चिठ्ठी मला आलीच न्हाई." मी विचारले, "आणखी काही म्हणाली?" तर शेवंती म्हणाली, "तिला पोरान्ला हात लावू देत न्हाईत वो त्या घरात. काकूचा धाकटा पडला, रक्त आलं, तर ही उठली आनि परत खाली बसली. ह्ये मी माज्या डोल्यांनी बगितलं."

हे ऐकून मी तशीच उंबऱ्यावर बसले. एकान्तात कबूल करून मी तिला काय दिले? तिचे नाव चारचौघांत गेले आणि मी माझे पाप चुलीत जाळायला पाठवले होते.

तरी मी तीन दिवस गप्पच होते. दसऱ्याला मधूच्या पाटीची पहिली पूजा केली. इकडून पाटीवर सरस्वती काढून झाली आणि नवी पेन्सिल मधूच्या हातात दिली गेली. मधूने ती मोडली. इकडून रागावणे होणार तोच त्याने एक तुकडा आपल्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्या ओठांशी आणला. "आईला," म्हणाला. मी तोंड मिटून घेतले, तर त्याला वाटले आई रुसली. तो दातांवर पेन्सिल घासत म्हणाला, "घे ना. रोज घेतेस ना."

पोराने एका शब्दात जे सांगितले ते मला नागपंचमीपासून दोन महिने सांगता आले नाही. मी तिथेच, पाटीसमोर, सर्व सांगितले. पिठाच्या डब्यामागचे भोकही दाखवले.

इकडून त्या भोकात बोट घालून पाहणे झाले. मग म्हणणे झाले की, "काकांना लिही, आमचा गैरसमज झाला होता, उत्तरेस परत पाठवावे. एवढं पुरे. आपलेच दात आणि आपलेच ओठ." मामंजी, मी आजवर इकडचा शब्द मोडलेला नाही. हा मोडते आहे. गैरसमज आम्हा सर्वांचा झाला नव्हता. मी सोडून सर्वांचा झाला होता. संध्याकाळी हे पत्र वाचणे झाले. फाडले नाही. दौत उचलून माझ्या जवळ ठेवणे झाले, आणि खाली सही करू का असे विचारणे झाले. मी नको म्हटले. ही माझ्या एकटीची सही आहे. उत्तरेस नाशकास नेऊ नये हे मात्र इकडून वेगळे लिहून येत आहे.

उत्तरेने परत कल्याणास यावे अशी मी मागणी करत नाही. तिने यावे की न यावे हे तिने ठरवावे. मी व मधू परवा सकाळच्या गाडीने ठाण्यास येत आहोत. तिने मला घरात घेतले नाही तर मी ओटीवर बसेन. मधूला मात्र आत जाऊ द्यावे. त्याच्या पोटावर हात लावू नये, डाग अजून ओले आहेत. पुडी मी बरोबर आणते आहे, त्याची एक आणि माझ्या दोन.

आता शेवटचे. उत्तरा ह्या सगळ्यात बोलली नाही, कारण मी तिचा हात मधूच्या डोक्यावर दाबून तिला त्याची शपथ घातली होती. तिने पोर वाचवायला स्वतःचे नाव घालवले. ज्याने शपथ घातली त्यालाच ती स्वतःच्या तोंडाने सोडावी लागते, हे आपण जाणताच. ती मोडली तर दोष, सोडली तर नाही. माझे तोंड आज तिथे नाही, आणि परवापर्यंत तिने त्या ओझ्याखाली राहावे हे मला सोसत नाही. म्हणून मामंजी, आपण वडील आहात, हे पुढचे वाक्य माझे म्हणून, उत्तरेकडे बघून, तीनदा मोठ्याने म्हणावे.

उत्तरे, मधूची शपथ सुटली.

तिला काय बोलायचे असेल ते बोलू द्यावे. मध्ये कोणी अडवू नये.

तिची अपराधी वहिनी
द्वारका